कोलकात्याचा वास्तुवारसा : कायदा, मालकी आणि वापर

कोणत्याही शहराचा इतिहास ग्रंथांत जसा नोंदलेला असतो, तसाच तो त्याच्या वास्तूंमध्येही साठवलेला असतो. कोलकाता हे याचे ठळक उदाहरण होय. १७७२ पासून १९११ पर्यंत ब्रिटिश हिंदुस्थानच्या कारभाराचे केंद्र राहिलेल्या या शहरात न्यायसंस्था, टपालखाते, चलनव्यवस्था, ग्रंथालये, संग्रहालये आणि विद्यापीठ या आधुनिक संस्थांच्या आरंभीच्या इमारती उभ्या राहिल्या. त्यांपैकी काही आजही वापरात आहेत, काही अर्ध्या पाडल्या गेल्यानंतर वाचल्या, तर काही कायमच्या नाहीशा झाल्या. एकाच शहरातील, जवळपास एकाच काळातील वास्तूंच्या वाट्याला असे वेगवेगळे भवितव्य का आले, या प्रश्नाचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे. वास्तूचे वय किंवा सौंदर्य तिला वाचवण्यास पुरेसे नसते. तिला लाभलेले कायद्याचे संरक्षण, तिची मालकी आणि तिचा वापर या तीन बाबी एकत्र आल्या तरच ती टिकते, असे कोलकात्याच्या अनुभवावरून दिसून येते.

तीन गावांपासून राजधानीपर्यंत

२४ ऑगस्ट १६९० रोजी ईस्ट इंडिया कंपनीचा अधिकारी जॉब चार्नॉक हुगळी नदीच्या काठी सुतानुटी येथे उतरला. १६९८ मध्ये कंपनीने सुतानुटी, गोविंदपूर आणि कलिकाता या तीन गावांचे जमीनदारी हक्क सावर्ण रायचौधुरी घराण्याकडून १,३०० रुपयांना मिळवले. चार्नॉक येण्यापूर्वीही येथे वस्ती व बाजारपेठ होती. म्हणूनच चार्नॉक हा शहराचा संस्थापक नव्हे आणि २४ ऑगस्ट हा शहराचा जन्मदिनही नव्हे, असा निर्वाळा कलकत्ता उच्च न्यायालयाने २००३ मध्ये दिला. २००१ मध्ये शहराचे अधिकृत नाव ‘कलकत्ता’ऐवजी ‘कोलकाता’ झाले. उच्च न्यायालयाचे नाव मात्र ‘कलकत्ता उच्च न्यायालय’ असेच राहिले, हे अभ्यासकांनी ध्यानात ठेवावे.

कंपनीच्या जुन्या फोर्ट विल्यमचे बांधकाम १६९६ मध्ये सुरू झाले. १७५६ मध्ये नवाब सिराजउद्दौलाने हा किल्ला जिंकला. १७५७ च्या प्लासीच्या लढाईनंतर गोविंदपूरच्या जागेवर नवा फोर्ट विल्यम बांधण्यात आला व त्याभोवती तोफांच्या माऱ्यासाठी विस्तीर्ण मोकळी जागा सोडण्यात आली. हेच आजचे ‘मैदान’ होय. जुन्या किल्ल्याच्या जागेवर पुढे वॉल्टर ग्रॅनव्हिल या वास्तुविशारदाच्या आराखड्यानुसार मुख्य टपाल कार्यालयाची घुमटाकार इमारत १८६८ मध्ये पूर्ण झाली.

मराठ्यांच्या भीतीतून आखलेली सीमा

या शहराच्या नकाशावर मराठ्यांच्या इतिहासाचीही एक रेघ आहे. नागपूरकर रघूजी भोसले यांचे सेनानी भास्करराम कोल्हटकर यांनी १७४२ मध्ये बंगालवर स्वारी केली. ‘बारगीर’ या शब्दावरून बंगालीत रूढ झालेला ‘बर्गी’ हा शब्द तेथील लोकस्मृतीत भीतीचे प्रतीक बनला. या स्वारीच्या धास्तीने कलकत्त्याच्या रहिवाशांनी शहराच्या भूभागाकडील बाजूने खंदक खणण्यास प्रारंभ केला. सुमारे सात मैलांच्या नियोजित लांबीपैकी तीन मैल खोदकाम झाल्यावर काम थांबले, कारण मराठी फौज शहरापर्यंत आलीच नाही. १७५१ च्या तहाने नवाब अलिवर्दीखानाने ओरिसाचा महसूल आणि वार्षिक १२ लाख रुपये चौथाई देण्याचे मान्य केले आणि हे पर्व संपले.

हा ‘मराठा खंदक’ १७९९ मध्ये अंशतः बुजवून त्याला लागून सर्क्युलर रोड तयार करण्यात आला. आचार्य जगदीशचंद्र बोस मार्ग व आचार्य प्रफुल्लचंद्र मार्ग ही त्याच रस्त्याची आजची नावे आहेत. खंदक नाहीसा झाला. परंतु दीर्घकाळ शहराची हद्द म्हणून त्याचीच रेषा मानली गेली. वारसा हा इमारतींपुरता मर्यादित नसून रस्ते, तळी, मैदाने आणि सीमारेषा यांचाही त्यात समावेश होतो, याचे हे उत्तम उदाहरण आहे. नव्या फोर्ट विल्यमचे नाव बदलून ‘विजयदुर्ग’ केल्याचे फेब्रुवारी २०२५ मध्ये जाहीर झाले, तेव्हा या इतिहासाला आणखी एक पैलू लाभला. लष्कराच्या पूर्व विभागाचे मुख्यालय असलेल्या या किल्ल्याला सिंधुदुर्ग जिल्ह्यातील मराठ्यांच्या सागरी दुर्गाचे नाव मिळाले. जुलै २०२५ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत समाविष्ट झालेल्या ‘मराठा लष्करी भूदृश्ये’ या १२ किल्ल्यांच्या समूहात कोकणातील मूळ विजयदुर्गाचा समावेश आहे.

लालदिघीचा परिसर

कोलकात्याच्या वास्तुवारशाचे मुख्य केंद्र म्हणजे लालदिघी या तलावाभोवतीचा चौक. पूर्वी तो डलहौसी स्क्वेअर म्हणून ओळखला जाई. आज त्याचे नाव विनय-बादल-दिनेश बाग, म्हणजेच बी. बा. दी. बाग असे आहे. ८ डिसेंबर १९३० रोजी विनय बसू, बादल गुप्ता आणि दिनेश गुप्ता या तीन क्रांतिकारकांनी येथील रायटर्स बिल्डिंगमध्ये शिरून तुरुंगखात्याचा महानिरीक्षक सिम्सन याला ठार केले. त्यांच्या स्मरणार्थ हे नाव देण्यात आले.

रायटर्स बिल्डिंगचा मूळ आराखडा टॉमस लायनचा असून बांधकाम १७७७ च्या सुमारास सुरू झाले. कंपनीच्या कारकुनांना ‘रायटर’ म्हणत. त्यांच्या निवासासाठी ही इमारत होती. १८०० मध्ये स्थापन झालेल्या फोर्ट विल्यम महाविद्यालयाचे कामकाज सुरुवातीच्या काळात येथूनच चाले. मराठीच्या अभ्यासकांना हे महाविद्यालय विशेष परिचयाचे असावे. तेथे बंगाली, संस्कृत व मराठी शिकवणाऱ्या विल्यम कॅरी यांनी १८०५ मध्ये मराठीचे व्याकरण आणि १८१० मध्ये मराठी-इंग्रजी कोश प्रसिद्ध केला. स्वातंत्र्योत्तर काळात ही इमारत राज्याचे सचिवालय होती. २०१३ मध्ये दुरुस्तीसाठी सचिवालय हावड्यातील ‘नबान्न’ येथे हलवण्यात आले.

जवळच असलेले सेंट जॉन्स चर्च १७८७ मध्ये पूर्ण झाले. मध्ययुगीन बंगालची राजधानी असलेल्या गौर येथील भग्नावशेषांतून आणलेला दगड त्यासाठी वापरला गेला, म्हणून लोक त्याला ‘पाथुरे गिर्जा’ म्हणजे दगडी चर्च म्हणत. एका वारशाची मोडतोड करून दुसरा उभा राहिला, असेच येथे म्हणावे लागते. याच आवारात चार्नॉकची समाधी असून तिच्या शिळेवरून ‘चार्नोकाइट’ या खडकाचे नाव पडले. अंधारकोठडीच्या कथित घटनेचे, लॉर्ड कर्झनने उभारलेले स्मारकही याच आवारात आहे. ते मूळ जागेवरून हटवावे यासाठी सुभाषचंद्र बोस यांनी १९४० मध्ये आंदोलन पुकारले व त्यानंतर ते येथे हलवण्यात आले. स्मारक नष्ट न करता त्याची जागा बदलणे हा वादग्रस्त वारशाबाबतचा एक मार्ग या प्रसंगातून पुढे आला.

तीन वास्तू, तीन भवितव्ये

संवर्धनाचा प्रश्न समजून घेण्यासाठी पुढील तीन वास्तूंची तुलना उपयुक्त ठरते.

पहिली वास्तू म्हणजे कलकत्ता विद्यापीठाचे सिनेट हाऊस. टपाल कार्यालय, उच्च न्यायालय व भारतीय संग्रहालय यांचा वास्तुविशारद ग्रॅनव्हिल यानेच ते उभारले आणि १८७२ मध्ये ते पूर्ण झाले. विद्यापीठाचे पदवीदान समारंभ तेथे होत. १९६० मध्ये विद्यापीठाच्या शताब्दी इमारतीला जागा करून देण्यासाठी ते पाडण्यात आले. येथे मालकी सार्वजनिक संस्थेची होती, वापरही सुरू होता. परंतु कायद्याचे संरक्षण नव्हते. इमारत शंभर वर्षांचीही झालेली नव्हती आणि नागरी वारसा जपणारी कोणतीही तरतूद त्या काळी अस्तित्वात नव्हती.

दुसरी वास्तू म्हणजे टाऊन हॉल. कर्नल जॉन गार्स्टिनच्या आराखड्यानुसार, लॉटरीतून उभारलेल्या निधीतून ही डोरिक शैलीची इमारत १८१३ मध्ये बांधून झाली. ७ ऑगस्ट १९०५ रोजी बंगालच्या फाळणीविरुद्ध येथे झालेल्या सभेत परदेशी मालावरील बहिष्काराचा ठराव संमत झाला. स्वदेशी चळवळीचा हा औपचारिक प्रारंभ मानला जातो व त्याच स्मृतीने २०१५ पासून ७ ऑगस्ट हा राष्ट्रीय हातमाग दिन म्हणून साजरा होतो. या चळवळीस वैचारिक बळ देणाऱ्या ‘देशेर कथा’ (१९०४) या बंगाली ग्रंथाचे लेखक सखाराम गणेश देउस्कर हे मराठी वंशाचे होते, हेही नमूद करण्यासारखे आहे. पुढे या सभागृहात विविध कार्यालये थाटली गेली आणि इमारतीची दुरवस्था झाली. १९९० च्या दशकाच्या उत्तरार्धात तिचा जीर्णोद्धार होऊन ती पुन्हा सार्वजनिक कार्यासाठी खुली झाली. योग्य वापर परत मिळाल्याने ही वास्तू सावरली.

तिसरी वास्तू म्हणजे करन्सी बिल्डिंग. १८३३ मध्ये बँकेसाठी बांधलेली ही इमारत १८६८ पासून सरकारच्या चलन विभागाकडे होती. १९३५ मध्ये स्थापन झालेल्या रिझर्व्ह बँकेचे कामकाजही आरंभी येथून चालले. बँकेचे मध्यवर्ती कार्यालय १९३७ मध्ये मुंबईस गेले. पुढे केवळ गोदामासारखा उपयोग उरलेली ही इमारत १९९६ मध्ये पाडण्यास सुरुवात झाली. महानगरपालिका आणि ‘इंटॅक’ या संस्थेच्या हस्तक्षेपामुळे पाडकाम थांबले, तोवर मधल्या दालनावरील घुमट कोसळवले गेले होते. पुढे ती भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाकडे सोपवण्यात आली. जे नष्ट झाले त्याची नक्कल न करता, घुमटांखालील जागा खुल्या चौकाच्या रूपात ठेवून उरलेल्या भागाची दुरुस्ती झाली. जानेवारी २०२० मध्ये बेल्व्हेडियर हाऊस, मेटकाफ हॉल व व्हिक्टोरिया मेमोरियल यांच्यासह ती लोकार्पित झाली. येथे वापर संपताच संकट आले आणि कायद्याचे छत्र लाभताच ते टळले.

संरक्षणाची कायदेशीर चौकट

वारशाच्या संरक्षणाचे कायदेही प्रथम याच शहरात आकाराला आले. सार्वजनिक इमारतींचा गैरवापर रोखणारा १८१० चा बंगाल विनियम १९ हा या विषयावरील देशातील पहिला कायदा मानला जातो. १८६१ मध्ये अलेक्झांडर कनिंगहॅम यांच्या नेतृत्वाखाली पुरातत्त्व सर्वेक्षण सुरू झाले व १९०४ मध्ये कर्झनच्या कारकिर्दीत प्राचीन स्मारक संरक्षण कायदा झाला. ज्या व्हाइसरॉयने हा कायदा केला, त्याच्याच बंगालच्या फाळणीविरुद्ध टाऊन हॉलमध्ये पुढच्याच वर्षी सभा भरली, हा इतिहासातील लक्षणीय योगायोग होय.

आज ही चौकट तीन स्तरांवर उभी आहे.

पहिला स्तर राष्ट्रीय आहे. संविधानाच्या अनुच्छेद ४९ नुसार राष्ट्रीय महत्त्वाच्या स्मारकांचे रक्षण करणे हे राज्यसंस्थेचे कर्तव्य आहे. अनुच्छेद ५१अ (च) नुसार संमिश्र संस्कृतीचा वारसा जपणे हे नागरिकाचे मूलभूत कर्तव्य आहे. सातव्या अनुसूचीत राष्ट्रीय महत्त्वाची स्मारके संघसूचीत (नोंद ६७), इतर स्मारके राज्यसूचीत (नोंद १२), तर पुरातत्त्वीय स्थळे समवर्ती सूचीत (नोंद ४०) येतात. १९५८ च्या कायद्यानुसार किमान १०० वर्षे जुन्या वास्तूला राष्ट्रीय महत्त्वाचे स्मारक घोषित करता येते. २०१० च्या दुरुस्तीने स्मारकाभोवतीचे १०० मीटर क्षेत्र प्रतिषिद्ध व त्यापुढील २०० मीटर क्षेत्र विनियमित ठरले, तसेच राष्ट्रीय स्मारक प्राधिकरणाची तरतूद झाली.

दुसरा स्तर राज्याचा आहे. २००१ च्या कायद्यान्वये पश्चिम बंगाल वारसा आयोग स्थापन झाला.

तिसरा स्तर स्थानिक आहे. कोलकाता महानगरपालिका अधिनियम, १९८० मध्ये वारसा वास्तूंबाबत स्वतंत्र तरतुदी असून वास्तूंची श्रेणी १, २अ, २ब आणि ३ अशी विभागणी केली जाते. श्रेणी १ मध्ये बाह्य स्वरूपात बदल करता येत नाही; श्रेणी जसजशी खाली जाते तसतसे निर्बंध सैल होत जातात. या संदर्भात मुंबईचे उदाहरण मार्गदर्शक आहे. १९९५ मध्ये बृहन्मुंबईसाठी वारसा विनियम लागू झाले. नागरी वारशासाठी असे नियम करणारे मुंबई हे देशातील पहिले शहर होय.

विकास आणि वारसा

कायद्याचे अंतर प्रत्यक्षात कसे काम करते हे कोलकात्याच्या पूर्व-पश्चिम मेट्रोने दाखवून दिले. या मार्गाचा बोगदा करन्सी बिल्डिंग आणि दोन ज्यू प्रार्थनास्थळे या संरक्षित स्मारकांच्या १०० मीटर क्षेत्रातून जात असल्याने राष्ट्रीय स्मारक प्राधिकरणाची परवानगी आवश्यक ठरली. ती २०१७ मध्ये अटींसह मिळाली. मार्च २०२४ मध्ये हुगळीच्या पात्राखालून जाणारी देशातील पहिली मेट्रो सुरू झाली. मात्र २०१९ मध्ये याच प्रकल्पाच्या खोदकामात बहूबाजार भागात भूगर्भातील पाणी बोगद्यात शिरले, जमीन खचली आणि अनेक जुनी घरे कोसळली वा राहण्यास अयोग्य झाली. शेकडो रहिवाशांना घर सोडावे लागले. संरक्षित स्मारकांभोवती जी दक्षता कायद्याने बंधनकारक केली, तशी तरतूद सामान्य जुन्या वस्तीसाठी नसते, हा या घटनेचा बोध होय.

श्रेणी ठरवणाऱ्या व्यवस्थेलाही मर्यादा आहेत. २०१८ मध्ये लिटल रसेल स्ट्रीटवरील एका जुन्या हॉटेलच्या वास्तूची श्रेणी २अ वरून ३ अशी खाली आणली गेल्यावर तिचे पाडकाम झाले. श्रेणी हा कायमचा अभय नसून प्रशासकीय निर्णय आहे. तो बदलताना कारणे जाहीर होणे व नागरिकांना आक्षेपाची संधी मिळणे म्हणूनच आवश्यक ठरते.

खासगी वास्तूंचा प्रश्न याहून अवघड आहे. उत्तर कोलकात्यातील जुन्या वाड्यांची मालकी अनेक वारसांत विभागलेली असते, जुने भाडे तुटपुंजे असते आणि दुरुस्तीचा खर्च एकट्या मालकाला पेलत नाही. ‘वारसा’ असा शिक्का बसल्यास जमिनीचे मूल्य घटेल, अशी धास्ती त्यांना वाटते. टागोर घराण्याच्या जोडासाँको येथील वास्तूत १९६२ मध्ये रवींद्र भारती विद्यापीठ सुरू झाले व तिला संस्थात्मक आधार मिळाला. परंतु प्रत्येक वाड्याला विद्यापीठ लाभू शकत नाही. म्हणून करसवलत, दुरुस्तीसाठी अर्थसाहाय्य आणि न वापरलेल्या बांधकाम हक्काचे हस्तांतरण यांसारखे उपाय महत्त्वाचे ठरतात.

तांत्रिक बाजूही दुर्लक्षून चालत नाही. बंगालच्या गाळाच्या मैदानात दगड जवळपास मिळत नसल्याने येथील बहुतांश जुन्या इमारती वीट, चुना आणि सुरखी यांच्या आहेत. चुन्याचा गिलावा ओल बाहेर पडू देतो. त्यावर सिमेंटचा थर दिल्यास ओल आत कोंडते आणि वीट झिजू लागते. भेगांत रुजलेला वड वा पिंपळ वेळीच काढला नाही तर त्याची मुळे भिंत फोडतात. नियमित देखभालीचा खर्च मोठ्या जीर्णोद्धाराच्या तुलनेत अल्प असतो, आणि देखभाल तेथेच होते जेथे माणसांचा वावर असतो.

समारोप

डलहौसी स्क्वेअरचा समावेश जागतिक स्मारक निधीच्या संकटग्रस्त स्थळांच्या यादीत २००४ व २००६ मध्ये झाला होता. २०२१ मध्ये कोलकात्याच्या दुर्गापूजेला युनेस्कोच्या अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत स्थान मिळाले व २०२३ मध्ये राज्यातील शांतिनिकेतन जागतिक वारसा स्थळ ठरले. कोलकाता शहरातील एकही वास्तू मात्र या यादीत नाही, तर मुंबईतील छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस (२००४) आणि व्हिक्टोरियन गॉथिक व आर्ट डेको इमारतींचा समूह (२०१८) त्यात आहेत. अशा नामांकनासाठी सुटी इमारत नव्हे, तर सभोवतालच्या परिसरासह सलग संरक्षणाची योजना लागते.

सिनेट हाऊस गमावल्यावर कोलकात्याने टाऊन हॉल सावरला आणि करन्सी बिल्डिंग अर्धी का होईना, वाचवली. या प्रवासातून धोरणकर्त्यांनी व नागरिकांनी घ्यावयाचा धडा स्पष्ट आहे : यादीत नाव नोंदवणे ही संवर्धनाची सुरुवात असते, वास्तूला जबाबदार मालक, परवडणारी देखभाल आणि समाजोपयोगी वापर मिळवून देणे हे त्यापुढील खरे कार्य होय.

सरावासाठी प्रश्न

१. स्मारकांच्या संरक्षणाबाबत संघ व राज्य यांच्यातील अधिकारांची विभागणी सातव्या अनुसूचीच्या आधारे स्पष्ट करा.

२. ‘वास्तूचा सुयोग्य वापर हेच तिचे सर्वोत्तम संरक्षण होय.’ कोलकात्यातील वास्तूंच्या आधारे या विधानाची चर्चा करा.

३. १९५८ च्या कायद्यातील २०१० च्या दुरुस्तीचे स्वरूप सांगून, नागरी पायाभूत प्रकल्पांवर तिचा काय परिणाम होतो ते सोदाहरण लिहा.

४. खासगी मालकीच्या वारसा वास्तूंच्या जतनातील अडचणी कोणत्या? त्यांवर उपाय सुचवा.